रात्रपाळीचा हंगाम

सरकारी नोकरीत वरचा साहेब चिडला की म्हणतो, ‘सरळ राहा, नाहीतर गडचिरोलीला टाकीन.’ चंद्रपुरातून वेगळा काढून २६ ऑगस्ट १९८२ रोजी हा जिल्हा केला, तेव्हापासून महाराष्ट्रातल्या यच्चयावत साहेबांची मोठीच सोय झाली आहे. अशा धमकीतून इकडे येऊन पडलेला माणूस पहिले काही महिने नक्षलवादी, वाघ आणि डास या क्रमाने घाबरतो. पुढे हा क्रम आपोआप उलटा होतो. पण खरा धक्का त्याला दिवाळीनंतर बसतो. दुपारी जेवणाच्या आधीच त्याच्या ध्यानात येतं की अख्खी कचेरी झोपलेली आहे. बाबू टेबलावर, शिपाई स्टुलावर आणि सातबाऱ्यासाठी आलेला म्हातारा भिंतीला टेकून. कोणी कोणाला उठवत नाही, एवढी समजूत एरवी या तिघांत नसते. कारण विचारलं तर एकच उत्तर मिळतं, “हंगाम सुरू आहे नं साहेब!” साहेबाला वाटतं, धानाचा. तो कृषी खात्याला पत्र लिहायच्या बेतात असतो, तेवढ्यात त्याच्याच टेबलावर एक रंगीत पत्रिका येऊन पडते आणि तिच्यात ‘सहउद्घाटक’ म्हणून त्याचंच नाव छापलेलं निघतं.

हंगाम नाटकांचा असतो. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांतला जंगलाचा आणि धानाचा मुलूख म्हणजे झाडीपट्टी. दिवाळी झाली, धानकापणी आटोपली, हातात चार पैसे आले की गावोगाव मंडई भरते, आणि मंडईच्या रात्री नाटक. मंडई सरली की शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यती. दिवसा बैल पळतात, रात्री नाटक. मग संक्रांत येते, महाशिवरात्र येते. निमित्त बदलत जातं, नाटक तेवढं कायम. हे होळीपर्यंत. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली शर्यतींवर बंदी आणली आणि डिसेंबर २०२१ मध्ये त्या पुन्हा सुरू करू दिल्या. मधल्या सात वर्षांत बैल घरी बसले. माणसं मात्र नाटकाला बसतच होती. बैलांवाचून पट होत नाही, पण पटावाचून नाटक होतं, हा शोध न्यायालयामुळे लागला, त्याबद्दल त्याचे आभार कोणी मानल्याचं ऐकिवात नाही.

या सगळ्याची राजधानी वडसा. सरकारी कागदावर देसाईगंज, रेल्वेच्या पाटीवर वडसा. गोंदियाहून बल्लारशाकडे जाणारी गाडी इथे थांबते. हंगामात इथे डझनावारी नाटक कंपन्या आपापलं कार्यालय थाटतात. बाहेर भलामोठा फलक, त्यावर नायक रागावलेला, नायिका रडलेली आणि विनोदी नट दोघांच्या मधून जीभ काढून पाहणारा. आत एक टेबल, चार खुर्च्या आणि भिंतीवर एक कॅलेंडर. कॅलेंडरातल्या ज्या चौकोनात गावाचं नाव लिहिलं गेलं ती रात्र विकली गेली.

नाटक ठरवायला गावचं मंडळ येतं ते एका जीपमध्ये मावेल तेवढं, म्हणजे बारा-तेरा जण. बोलणारा एक, बाकीचे त्याच्यावर नजर ठेवायला. आमच्या ओळखीच्या एका मंडळासोबत मी जाऊन बसलो होतो, तेव्हाचा सौदा असा:

“कॉमेडीवाला कोन आहे जी?”

मॅनेजरने नाव सांगितलं.

“तो तं मांगच्या साली आमच्या बाजूच्या गावात झोपला होता.”

“तो पार्ट होता जी. झोपेचा पार्ट.”

“बरं. लावण्या किती?”

“चार. पब्लिकनं मागितली तं पाच.”

“बाप मरते का?”

“दुसऱ्या अंकात मरते.”

बोलणाऱ्याने मागे वळून सगळ्यांकडे पाहिलं. एकाने मान हलवली. “दुसऱ्या अंकात मरते तं मंग तिसऱ्यात रडवाले कोन आहे? भाव कमी करा.”

शेवटी बाप तिसऱ्या अंकापर्यंत जगवायचा ठरला, आणि रक्कम होती तेवढीच राहिली. नाटकाचं नाव काय, हे उठता उठता विचारलं. त्याला फारसं महत्त्व नसतं. कुंकू, बहीण, बाप, पाप, संसार यांतले निदान दोन शब्द नावात आले पाहिजेत आणि शेवटी उद्गारचिन्ह पाहिजे, एवढी अट पुरी झाली की झालं.

नाटकाच्या पत्रिकेवर मात्र वेगळा लेख लिहायला हवा. कलावंतांची नावं तळाला बारीक अक्षरांत. वर उद्घाटक, सहउद्घाटक, अध्यक्ष, सहअध्यक्ष, उपाध्यक्ष, दीपप्रज्वलक, प्रमुख अतिथी, विशेष अतिथी आणि ज्यांना यातलं काहीच देता आलं नाही ते सगळे ‘प्रमुख उपस्थिती’. गावातले दोन्ही गट, मागचा सरपंच, आताचा सरपंच, पुढे होऊ घातलेला सरपंच, सगळे एका कागदावर येतात. ग्रामसभेला हे जमत नाही. रात्री प्रत्येकाला शाल, नारळ आणि माईक मिळतो. माईक परत घ्यायला वेळ लागतो. म्हणूनच दिवसभर फिरणारा भोंगा ‘रात्री ठीक नऊ वाजता’ असं ओरडत असला तरी जाणती माणसं नऊला जेवायला बसतात, दहाला विडा लावतात आणि अकराला निघतात. तरीही भाषण चुकत नाही.

नाट्यगृह म्हणजे धान निघालेली एखादी मोठी बांधी. मधली माती उकरून बसायची जागा खोलगट करायची, भोवती कनात लावायची, वर आकाश. जागा खोलगट असल्यामुळे मागच्यालाही पुढच्याच्या डोक्यावरून मंच दिसतो. वातानुकूलन तर इतकं चोख की डिसेंबरात प्रेक्षक चादर, घोंगडी, मफलर आणि जमलं तर शेजारच्याची घोंगडी घेऊन बसतो. पुढे खुर्चीचं तिकीट, मागे जमिनीचं. खुर्चीवाल्याला रुबाब मिळतो, जमिनीवाल्याला आडवं होता येतं. पहाटे तीनच्या सुमारास कोणाचे पैसे सार्थकी लागले ते कळतं. मंचावर माईक वरून दोरीने टांगलेले असतात. प्रेयसी दुसऱ्या टोकाला उभी असली तरी नायक प्रेम माईकखालीच करतो. मरणाराही शहाणा असेल तर माईक पाहून पडतो, कारण पुढे पंधरा मिनिटं त्याला बोलायचं असतं.

माझा भाचा पुण्यात असतो. संगणकाचं काम करतो आणि शनिवारी रात्री जॅझ ऐकायला जातो. तिकडे एका हॉटेलात हिवाळाभर त्या मैफली लावतात, प्रवेशाला जे पैसे पडतात तेवढ्यात आमच्याकडे खुर्चीवर दहा माणसं बसतील. जानेवारीत तो आला आणि दुसऱ्याच दिवशी कंटाळून म्हणाला, “मामा, इथे लाइव्ह म्युझिकचं काही आहे का?”

मी म्हटलं, “आहे. स्वेटर घे.”

वाटेत जीपमध्ये त्याने मला जॅझ समजावून सांगितला. माणूस एकदा का एखाद्या छंदात पडला की समोरचा कितीही अडाणी असो, त्याला शिकवल्याशिवाय राहवत नाही. शिवाय जीपमधून उतरून जायला जागाही नव्हती, बाहेर जंगल होतं. तो म्हणाला, न्यूयॉर्कला ‘व्हिलेज व्हॅनगार्ड’ नावाची जागा आहे, १९३५ पासून चालू, साधं तळघर. पण जॉन कोल्ट्रेनने १९६१ साली तिथे वाजवलेलं लोक अजून ऐकतात. त्याच वर्षी बिल इव्हान्स नावाच्या पियानोवाल्याची एक मैफल तिथे ध्वनिमुद्रित झाली, तिच्यात मागे ग्लास वाजताना, माणसं गप्पा मारताना ऐकू येतात, आणि शौकिनांना तेही गोड लागतं. मी म्हटलं, “म्हणजे जमिनीखालची जागा, रात्रीचा कार्यक्रम आणि मध्येच गप्पा मारणारी माणसं.” तो हो म्हणाला. “आणि नावात गाव.” तो म्हणाला, ते गाव तसं नव्हे. मला ते पटलं. आमच्याकडे गाव खरोखरीचं असतं.

मग त्याने मुंबईचा इतिहास काढला. लिऑन ॲबी नावाचा काळा अमेरिकन वादक १९३५ साली आपलं पथक घेऊन ताजमहाल हॉटेलात आला. गोव्याचे वादक ते ऐकून, वाजवून शिकले. त्यांतला चिक चॉकलेट हा ट्रम्पेटवाला आपल्या सी. रामचंद्रांच्या वाद्यवृंदात आला, आणि १९५१ च्या ‘अलबेला’पर्यंत त्या चाली घरोघरच्या रेडिओवर गेल्या. पुढे १९७८ साली मुंबईत ‘जॅझ यात्रा’ भरायला लागली. यात्रा म्हटल्यावर मी सावध झालो, पण तिथे रेवड्या, पाळणे वगैरे नव्हते म्हणे. “आणि मामा, महत्त्वाचं म्हणजे,” तो म्हणाला, “जॅझमध्ये सगळं लिहिलेलं नसतं. ढाचा ठरलेला, बाकी जागेवर सुचेल तसं. एकाने काही काढलं की दुसरा ते उचलतो. पुढच्या क्षणी काय होणार हे वाजवणाऱ्यालाही ठाऊक नसतं.”

“आमच्याकडे नटालाही ठाऊक नसतं,” मी म्हटलं. त्याला वाटलं मी थट्टा करतोय.

आता झाडीपट्टीतल्या नटाची अडचण ऐका. आज या कंपनीत, उद्या त्या. आज कुरखेड्याकडे, उद्या सिंदेवाहीकडे. रात्री नाटक, पहाटे गाडी, दिवसा झोप, संध्याकाळी पुन्हा तोंडाला रंग. तालमीला वेळ कुठून आणायचा? कथा पुष्कळदा गाडीतच ऐकायची. आपण कोणाचा भाऊ, कोणाचा दीर, कोणाचा वैरी एवढं पक्कं केलं की माणूस मंचावर जायला मोकळा. बाकी सगळा भार प्रॉम्प्टरवर. पडद्याच्या आड वही घेऊन बसलेला हा माणूस रात्रभर सगळ्यांची कामं करतो: नायक, नायिका, सासू, फौजदार. फक्त टाळ्या त्याच्या वाट्याला येत नाहीत. त्या रात्री टांगलेला एक माईक त्याच्या बाजूला जरा जास्तच झुकला होता. परिणामी नायकाचं प्रत्येक वाक्य गावाला नायकाच्या आधी कळत होतं. “वहिनी, हे मी काय ऐकतोय?” आतून दबका आवाज आला. नायकाने ते ऐकलं नाही. मागच्या रांगेतून एक पोरगा ओरडला, “अबे, काय ऐकतोय म्हन ना!” नायक वळला, पोराला हात जोडले आणि वहिनीला म्हणाला, “वहिनी, हे मी काय ऐकतोय, हे अख्ख्या गावानं ऐकलं, फक्त मीच ऐकलं नाही!” टाळ्या. मंचाच्या कडेला बसलेल्या ऑर्गनवाल्याने तेवढ्यात दोन सूर लांबवले, ऑक्टोपॅडवाल्याने वीज पाडली, तबलजीने तिला उचललं, आणि वहीत नसलेला असा एक प्रवेश सुरू झाला की वहिनी, दीर, फौजदार आणि काही कारण नसताना आलेला विनोदी नट, चौघेही त्यात घुसले. विनोदी नटाने गावच्या नळयोजनेचा विषय काढला. पहिल्या रांगेत सहउद्घाटक बसले होते. ऑर्गनवाल्याने त्यांच्याकडे पाहून एक करुण स्वर धरला. प्रॉम्प्टरने वही मिटून तंबाखू मळायला घेतली.

भाच्याचे डोळे चमकले. “मामा, हे चक्क इम्प्रोव्हायझेशन आहे!”

शेजारी घोंगडीत एक आजोबा होते, त्यांनी तोंड बाहेर काढलं. “नाही जी पाहुने. पाठ नाही झालं त्याचं.”

लावणीच्या वेळी भाचा पुन्हा हलला. ऑर्गनवाला मध्येच एखादी जुनी हिंदी चाल घुसडत होता आणि ताल असा काही तिरका पडत होता की, भाच्याच्या मते, हे सरळ जॅझच्या घराण्यातलं होतं. असेलही. ताजमहाल हॉटेलातून गोवेकरांच्या हातात, तिथून सी. रामचंद्रांच्या गाण्यात, तिथून रेडिओत आणि रेडिओतून वडशाच्या ऑर्गनवाल्याच्या बोटांत, एवढा प्रवास करताना एखाद्याचं नाव गाडीत राहून जातं. ऑर्गनवाल्याला मध्यंतरात भाच्याने तसं विचारलंही. तो म्हणाला, “पेटी मावशाकडून शिकलो.” भाच्याने ते मोबाइलमध्ये टिपून घेतलं.

या कलेची बाहेर दखल घ्यायला उशीरच झाला. दंडार या इकडच्या लोकनाट्यापासून निघालेली ही परंपरा इकडचे अभ्यासक वर्षानुवर्षं सांगत होते, पण दिल्लीने सांगितल्याशिवाय मुंबईला ऐकू येत नाही. कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीच्या परशुराम खुण्यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. त्याच्या आदल्या वर्षी तृषांत इंगळे यांचा ‘झॉलीवूड’ हा या नाटकवाल्यांवरचा सिनेमा येऊन गेला होता. खुण्यांच्या नावावर आठशे वेगवेगळ्या भूमिका आणि पाच हजारांवर प्रयोग सांगतात. हिशेब करून पाहिला, पाच हजार रात्री म्हणजे चौदा वर्षांना थोड्याच कमी. चौदा वर्षांचा वनवास, तोही खऱ्या वनात. आणि रामाला निदान रोज संध्याकाळी दाढी करून रंग लावावा लागत नव्हता.

नाटक पहाटेपर्यंत का चालतं, याची विद्वान काहीही कारणं देवोत. खरं कारण कनातीच्या बाहेर असतं. चार-पाच कोसांवरच्या गावांतून माणसं आलेली असतात, मधे जंगल. ब्रह्मपुरीच्या बाजूला वाघ उदंड, आणि २०२१ साली छत्तीसगडातून रानहत्तीही गडचिरोलीत आले, ते पाहुण्यासारखे चार दिवस राहून गेले असं नाही. रात्री दोन वाजता पडदा पाडला तर गाव कंपनीच्या मॅनेजरला घेरून विचारील, ‘आता आम्ही जावं कुठं?’ म्हणून तिसरा अंक उजाडेपर्यंत ताणावा लागतो. म्हणून बाप लवकर मरून चालत नाही. शहरातल्या समीक्षकाला ज्यात पसरटपणा दिसतो त्यात आम्हाला वनखात्याची सूचना दिसते.

शिवाय घरची कामंही याच रात्रीत उरकायची असतात. नाटक असलं की लेकी माहेरी येतात, जावई येतात, जावयांचे मित्र येतात, घरटी कोंबडे कमी होतात. सोयरिकी जमतात त्या इथेच. मुलीला उगीच पाटावर बसवून स्वयंपाक येतो का विचारण्यापेक्षा ती रडक्या प्रवेशाला रडते का आणि विनोदाला हसते का, हे मुलाच्या आईला दहा हातांवरून दिसतं. मुलगीही आंधळी नसते. आमच्या नात्यातल्या एकीने एक स्थळ एवढ्याचसाठी नाकारलं की मुलगा पहिल्या अंकात झोपला. “तिसऱ्यात झोपला असता तं चाललं असतं,” ती म्हणाली. तिच्या बापाला काही बोलता आलं नाही, तो स्वतः उद्घाटनालाच झोपला होता.

साडेपाचला नाटक संपलं. खलनायकाला बेड्या पडल्या, वहिनीचं कुंकू वाचलं, बाप कराराप्रमाणे तिसऱ्या अंकात गेला. कनातीबाहेरच्या चहाच्या टपरीवर भट्टी पेटलेली होती, आलूबोंड्याचा पहिला घाणा उतरत होता. पहिल्या रात्रीची समीक्षा तिथे होते, आणि ती वर्तमानपत्रातल्या समीक्षेसारखी कोणाला घाबरून होत नाही. घोंगडीवाले आजोबा बशीत चहा ओतत म्हणाले, “नाटक ठीक होतं. पन व्हिलन काही कामाचा नाही. मांगच्या सालच्याले बायांनी शिव्या देल्ल्या होत्या, एकीनं चप्पल दाखवली. याले कोनी काहीच म्हटलं नाही.”

खलनायक मागच्या बाकावर बसून अर्ध्या उतरलेल्या रंगात आलूबोंडा खात होता. त्याने ते ऐकलं. उठून आजोबांच्या पाया पडला आणि म्हणाला, “आज वैरागडाकडं आहे प्रयोग. या जी. आज खातो शिव्या.”

आजोबांनी भाच्याकडे पाहिलं, भाच्याने माझ्याकडे. दहा वाजता त्याची पुण्याच्या साहेबासोबत फोनवर बैठक होती.

“मामा,” तो म्हणाला, “इथे रेंज नसते, असं सांगितलं तर चालेल ना?”

मी म्हटलं, “सगळेच सांगतात.”